इंद्याचा कोपर

हे लिहिणारच नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा उडवलं. आता चौथ्यांदा बसलोय, कारण न लिहून वाचवण्यासारखं माझ्याकडे फार काही उरलेलं नाही.

मी रोहिदास पाचंगे. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या झटक्यात. प्रोग्रामिंग शिकलो ते कॅडी शेडमध्ये, फुटक्या स्क्रीनच्या फोनवर, व्हिडिओ बघत बघत. आज माझ्या कार्डावर ‘सीनियर मोशन इंजिनिअर’ असं लिहिलंय. ते कार्ड मला कसं मिळालं, त्याचीच ही गोष्ट आहे. ती ऐकून मी कोणाला आवडेन असं काही नाही.

नाशिकबाहेर टेकडीवर एक गोल्फ क्लब आहे. नाव घेत नाही. खाली आमची वस्ती, वर हिरवळ. मी आणि इंद्या, म्हणजे इंद्रजित वाघमारे, सोळाव्या वर्षापासून तिथे साहेबांच्या बॅगा वाहायचो. प्रत्येक कॅडीला पितळेचा नंबरचा बिल्ला असतो. बिल्ला लावून शेडमध्ये उभं राहायचं, नंबर पुकारला की पळायचं. आता एखाद्याची आई आजारी असते, कोणाची परीक्षा असते. मग दुसरा त्याच्या बिल्ल्यावर उभा राहतो. इंद्या कितीदा तरी माझ्या बिल्ल्यावर उभा राहिलाय, मी त्याच्या. साहेबांना चेहरे कुठे लक्षात राहतात? या सगळ्यात एकच नियम होता, बिल्ल्यावरचा माणूस फोडायचा नाही. मार खाल्ला तरी नाही.

सोमवारी क्लब बंद. तेव्हा कॅडींना खेळायची परवानगी. आणि सोमवारी इंद्या खेळायला लागला की बाकीचे आपापला खेळ सोडून बघत बसायचे. पार बहात्तरचा, म्हणजे चांगल्या खेळाडूला बहात्तर फटके लागावेत असा कोर्स तो अडुसष्टमध्ये, एकोणसत्तरमध्ये संपवायचा. मागून मागून आणलेल्या तीन प्रकारच्या स्टिका घेऊन.

त्याचा डावा कोपर वाकडा आहे. बारा वर्षांचा असताना क्लबच्या भिंतीवरून नाल्यात पडला होता, हरवलेले बॉल शोधताना. गावच्या हाडवैद्याने कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण जुळलं ते तिरकंच.

आता थोडं विज्ञान सांगतो. कंटाळू नका, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सायकलचं चाक भिंतीला तिरकं टेकवून ठेवलंय असं समजा. त्या चाकाचा आस म्हणजे तुमची छाती, आणि बाहेरची कड म्हणजे स्टिकचं डोकं जातं तो रस्ता. या तिरक्या चाकाला गोल्फमध्ये स्विंग प्लेन म्हणतात. गोची अशी की माणसाच्या अंगात चाकं दोन असतात. खांदे एका तिरपेपणात फिरतात, हात दुसऱ्या तिरपेपणात वर जातात. दोन्ही एका पातळीत ठेवून मारणारे असतात, वेगळे ठेवून मारणारेही असतात. वेगळे ठेवले तर बॉलला लागायच्या क्षणी ती दोन्ही चाकं जुळवावी लागतात. तिथेच सगळे मार खातात. चार अंशांचा फरक राहिला तर बॉल झाडीत.

इंद्याची दोन्ही चाकं वेगळी. खूपच वेगळी. कुठल्याही कोचने बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता. पण खाली येताना त्याचा तो वाकडा कोपर किंचित आत सांडायचा, म्हणजे बरगड्यांकडे वळायचा. एक सेकंदाचे पंचवीस भाग केले तर त्यातला एक भाग, तेवढाच वेळ. आणि दोन्ही चाकं जुळायची. दर वेळी. हाडच तसं होतं ना, त्याला दुसरीकडे जाताच यायचं नाही.

मग कंपनी आली. श्रोत्री मॅडमची. मॅडम हुशार बाई, चांगल्या बाई, हेही लिहिलं पाहिजे. त्यांनी एक जॅकेट बनवलं होतं. कापडातच सेन्सर विणलेले. पाठ, खांदे, दंड, मनगट, सगळ्यांचे कोन सेकंदाला हजार वेळा मोजायचं. आणि चूक घडायच्या आधीच त्या त्या स्नायूला बारीकसा करंट द्यायचं. दुखत नाही, मुंगी चालल्यासारखं वाटतं. दोन महिने घातलं की नसा ते शिकतात. मग जॅकेट काढलं तरी हात त्याच रस्त्याने जातो.

अडचण एकच होती. गणिताने काढलेला आदर्श स्विंग अंगात बसत नव्हता. माणसं लाकडी बाहुल्यांसारखी हलायची. कुठला स्नायू कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर, हे गणितातून येईना. त्यांना खरा माणूस हवा होता. साचा.

मला त्यांनी टेम्पररी म्हणून घेतलं होतं, सेन्सर चिकटवायला. साठ खेळाडू मोजून झाले. कोणाचाच साचा चालेना. मी म्हटलं, मॅडम, मी एक रेकॉर्डिंग करून आणतो.

एका सोमवारी इंद्याला जॅकेट चढवलं. करंट बंद, फक्त मोजणी चालू. त्याने तीनशे बॉल मारले. टॅबवर त्या तीनशे रेघा एकावर एक पडत गेल्या आणि शेवटी एकच जाड रेघ दिसायला लागली.

फाईलला नाव द्यायची वेळ आली. बाहेरच्या माणसाचं रेकॉर्डिंग घ्यायचं तर संमतीचे अर्ज, डॉक्टरचा दाखला, महिना गेला असता. कंपनीच्या माणसाला ते काही लागत नव्हतं.

मी म्हटलं, “इंद्या, माझं नाव टाकू का? तुझं टाकलं तर कागदंच कागदं.”

तो घाम पुसत म्हणाला, “टाक की. तुझ्या बिल्ल्यावर उभा राहिलो समज. चहा पाज फक्त.”

खरं सांगतो, त्या दिवशी मला यात काहीच वाईट दिसलं नाही. आमच्यात असंच चालायचं.

मॅडमनी फाईल उघडली आणि ती रेघ मोठी करून करून बघितली. मग म्हणाल्या, “रोहिदास, हे तू मारलेस?”

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, “हो मॅडम. सोमवारी खेळतो आम्ही.”

महिनाभरात मी पर्मनंट झालो.

*

जॅकेट धो धो चाललं. आमच्याच क्लबात दीडशे साहेबांनी घेतलं. कर्नल दामले म्हणून आहेत, पासष्टीचे, आयुष्यभर बॉल उजवीकडे घालवलेले. तीन महिन्यांत सरळ मारायला लागले. मला मिठी मारली त्यांनी. म्हणाले, “लेका, निवृत्तीनंतर पहिल्यांदा बायको सोडून दुसऱ्या कशावर प्रेम बसलंय.”

सहा महिन्यांनी तेच कर्नल कोपर चोळत आले. “अरे पाचंगे, हे बघ, इथे आत. ठणका लागतो. आणि गंमत म्हणजे आमच्या चौघांनाही तिथेच दुखतंय. फिजिओ म्हणतो, तुम्ही काय क्लब काढलाय का कोपराचा?”

मला लगेच कळलं. जॅकेट सगळ्यांना तो कोपर आत सांडायला शिकवत होतं. इंद्याचं हाड तिरकं, त्याला ते सोपं. यांची हाडं सरळ. दीडशे सरळ हात रोज थोडे थोडे इंद्याच्या मोडलेल्या हाताच्या रस्त्याने जात होते.

साहेबांचे कोपर दुखतायत एवढंच मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, “तुला दुखतो का?”

“नाही मॅडम.”

“मग त्यांचं स्ट्रेचिंग कमी पडतंय. एक व्हिडिओ टाकू आपण.”

मी तो व्हिडिओ बनवला. त्यात मीच आहे. हात ताणून दाखवतोय.

*

त्यानंतर गोल्फ महासंघाने नियम काढला. प्रो स्पर्धांमध्ये जॅकेटवर शिकलेला माणूस चालणार नाही. अंगावर जॅकेट नसलं तरी अंगात आहे का ते बघायचं. त्यासाठी ठसा-चाचणी आली. प्रत्येकाच्या स्विंगमध्ये बारीक थरथर असते, अक्षरासारखी. ती जॅकेटच्या साच्याशी ताडून बघायची. नव्वद टक्क्यांच्या वर जुळली की दोन वर्षं बंदी.

इंद्या सत्तावीस पूर्ण. प्रो कार्डाच्या पात्रता फेरीत कॅडींसाठी चार जागा असतात, वयाची अट अठ्ठावीस. म्हणजे त्याला ही एकच फेरी मिळणार होती. त्याने सकाळी बॅगा वाहिल्या, दुपारी प्रॅक्टिस केली, जिल्ह्यातून पहिला आला. मग चाचणी झाली.

नव्व्याण्णव पूर्णांक चार.

मी घरी बसून तो आकडा बघत होतो. जॅकेट घालून शिकलेल्यांत सगळ्यात चांगला साहेब त्र्याण्णवच्या वर गेला नव्हता. नक्कल त्र्याण्णव आणि हा नव्व्याण्णव. याचा अर्थ काय होतो हे एका माणसालाही विचारावंसं वाटलं नाही. सगळे एवढंच म्हणाले, किती तास घातलं असेल याने!

सुनावणी पुण्याला होती. टेबलापलीकडे चार जण. अध्यक्ष बेहरे म्हणून, रिटायर्ड न्यायाधीश, आवाज मऊ. कंपनीकडून टेक्निकल माणूस म्हणून मला बोलावलेलं. इंद्या माझ्या समोर, लग्नातला शर्ट घालून.

“पाचंगे, जॅकेटमधला साचा कोणाच्या शरीरावरून घेतलाय?”

कागद त्यांच्यासमोरच होता. त्यावर माझं नाव.

“माझ्या, सर.”

“आणि वाघमारे कधी जॅकेट घालून खेळले?”

“एकदा घातलं होतं सर. माझ्या समोर.”

हे खरंच होतं. त्याचीच लाज जास्त वाटते.

“एकदाच?”

“मला माहीत असलेलं, एकदाच.”

माझे दोन्ही हात टेबलाखाली होते. कोणी एकाने जरी म्हटलं असतं, पाचंगे, जरा डावा हात लांब करून दाखवा, तर सगळं तिथेच संपलं असतं. माझा कोपर काठीसारखा सरळ आहे. पण म्हणालं कोणीच नाही.

बेहरे इंद्याकडे वळले. “वाघमारे, तुम्हाला काही सांगायचंय?”

इंद्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. शेडमध्ये नंबर पुकारायची वाट बघत बसायचा, तसं.

“नाही साहेब. जे आहे ते रोहिदासला माहीत आहे.”

खोलीत पंखा फिरत होता. मी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायलो, खाली ठेवला.

“ठीक आहे,” बेहरे म्हणाले. “तीन महिन्यांनी, फेरीच्या आधी, एकदा फेरचाचणी होईल. ती पार केलीत तर बंदी उठेल. नाही तर नाही.”

बाहेर टपरीवर मी त्यालाच विचारलं. निर्लज्जपणा बघा माझा. “तू का बोलला नाहीस?”

तो म्हणाला, “बिल्ल्यावरचा माणूस आपण फोडतो का? बोलायचं तुला होतं.”

“इंद्या, नोकरी जाईल रे. फसवणुकीची केस होईल.”

“हां. होईल.” त्याने बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, तर बोटानेच काढायला लागला. “मग आता?”

आणि मग मी ते बोललो. हुशार माणूस ना मी. “तीन महिने आहेत. तुझा स्विंग बदलू. साच्याशी जुळायलाच नको. मी जॅकेट उलटं लावतो, कोपर आत यायला लागला की बाहेर ढकलेल. चाचणी पास, बंदी खतम.”

तो हसला. “हाड सरळ करणार तू?”

“हाड नाही. सवय.”

त्याने चहातला गाळ खाली ओतला. मग म्हणाला, “बरं. तुझ्यावर सोडतो.”

*

सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यामागे मोकळं मैदान आहे. तिथे जाळी लावली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी दोन तास. इंद्या जॅकेट घालून मारायचा, मी टॅब घेऊन समोर बसायचो.

पहिल्या आठवड्यात आकडा पंच्याण्णव. तिसऱ्यात एक्क्याऐंशी.

“रोह्या, हात भरून येतोय.”

“येणारच. एक्क्याऐंशीवर आलास, मार.”

सहाव्यात अठ्ठावन्न. त्याने मध्येच स्टिक खाली टाकली आणि डाव्या हाताकडे बघत उभा राहिला.

“काय झालं?”

“हा हात माझा वाटत नाहीये रे. जावयासारखा आलाय. बसलाय, जेवतोय, पण घरचा नाही.”

मी हसलो. तो हसला नाही. त्याची बायको रूपाली डबा घेऊन यायची. ती एकदा मला म्हणाली, “भाऊजी, हे रात्री झोपेत हात झटकतात. नक्की बरं करताय ना?” मी म्हटलं, वहिनी, आकडे मस्त येतायत.

बॉल जाळीत जात होते. जाळीत सगळेच बॉल सरळ जातात. आणि मी तर बॉलकडे बघतच नव्हतो.

फेरचाचणीत सत्तावीस टक्के आले. त्याला दाखला मिळाला, शिक्का मारलेला. त्यावर छापलं होतं, ‘खेळाडूचा स्विंग नैसर्गिक असल्याचे आढळले.’ इंद्याने तो दोनदा वाचला. मग घडी घालून मलाच दिला. “तू ठेव. तुझंच काम आहे.”

*

पात्रता फेरी हैदराबादच्या बाजूला होती. मी रजा काढून त्याचा कॅडी म्हणून गेलो. वाटलं होतं, निदान एवढं तरी.

पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला बॉल मारतात तिथे, तो उभा राहिला. मारला. बॉल डावीकडे, थेट बाभळीत. दुसरा बॉल उजवीकडे पाण्यात. नऊ होल होईपर्यंत बॅगेतले बॉल संपत आले होते. दहाव्यावर म्हणाला, “आता जुन्यासारखा मारतो.” डोळे मिटून उभा राहिला. खांदे फिरले, हात वर गेले, आणि वरच थांबले. चुकल्या गल्लीत शिरलेल्या माणसासारखा थांबला तो. मग कसातरी खाली आणला.

पहिल्या दिवशी सत्त्याऐंशी. दुसऱ्या दिवशी एक्क्याण्णव. शेवटून दुसरा.

पार्किंगमध्ये तो बॅगेवरच बसला. मी म्हटलं, “इंद्या, तुझी जुनी फाईल आहे माझ्याकडे. तीनशेच्या तीनशे बॉल. जॅकेट सरळ लावतो. दोन महिन्यांत होतं तसं बसवून देतो.”

“म्हणजे साहेब लोकांसारखा मी पण इंद्या शिकणार?”

मी स्टिका पुसायला लागलो.

“आणि शिकलो की परत नव्व्याण्णव येणार. परत बंदी. आणि तोवर वय गेलेलं.” त्याने बुटाची नाडी सोडली. “रोह्या, जॅकेट राहू दे. तू तोंडाने सांग. कसा मारायचो मी? समोर तर तूच होतास.”

“खांदे साधारण अडतीस अंशांत, हात बावन्न, आणि—”

“आकडे नको. दिसायचा कसा?”

मी आठवायला लागलो. शप्पथ सांगतो, खूप आठवलं. टॅबवरची ती जाड रेघ आठवली. तिच्या मागचा माणूस आठवला नाही.

*

काल, शुक्रवारी, क्लबात जॅकेटांच्या सर्व्हिसिंगला गेलो होतो. पहिल्या टीवर कर्नल दामले होते, कोपराला पट्टा बांधलेला. त्यांची बॅग इंद्याकडे होती. कर्नल म्हणाले, “इंद्रजित, हैदराबादला काय झालं रे? तू तर चांगला मारायचास म्हणे.”

“नाही जमलं साहेब.”

“सरावात कमी पडलास. हे बघ, असं.”

आणि कर्नलनी मारला. पासष्टीचं पोट, पांढऱ्या मिशा, आणि खाली येताना कोपर किंचित आत सांडला. बॉल दोरी सोडल्यासारखा सरळ गेला.

इंद्या बॅग खांद्यावर घेऊन बघत राहिला. कर्नल कण्हत पुढे चालायला लागले, तरी तो हलला नाही. मी जवळ गेलो.

“बघितलंस?” तो हळूच म्हणाला. “असा मारायचो मी.”

मी बाहीने डोळे पुसले.

“रडू नकोस भडव्या, साहेब बघतील.” त्याने बॅग नीट केली. “एक काम कर. मला कार्ड मिळणार नाही, माहीत आहे. हात पण परत येणार नाही. पण त्या पट्ट्याखाली जो दुखतोय ना, तो कोपर माझा आहे. ते यांना सांग. दुखतंय ते कोणाचं, एवढं तरी कळू दे.”

“सोमवारी कमिटीला पत्र देतो. मॅडमना पण—”

“सोमवारी नको. सोमवारी इथे आपणच असतो. रविवारी सांग, सगळे असतात तेव्हा. आणि पत्रबित्र नको. तोंडाने.”

पुढून कर्नलनी हाक मारली. इंद्या जाता जाता थांबला, माझ्याकडे बघत. परत तसंच, पुण्याला बघितलं होतं तसं.

मी म्हटलं, “रविवारी. या टीवर, सगळ्यांसमोर. तुझं नाव घेऊन सांगतो, माझं पण. शब्द देतो तुला.”